गंगाथडीची मासेमारी : पाणी, पंचांग आणि हक्क

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे गाव पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर वसले असून, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पूर्णा नदी ज्या परिसरात गोदावरीला मिळते, त्या परिसरातच ते मोडते. गोदावरीला येथे ‘गंगा’ आणि तिच्या काठच्या काळ्या, सुपीक पट्ट्याला ‘गंगाथडी’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. ज्वारी, कापूस आणि हळद यांच्यामुळे या पट्ट्याच्या शेतीकडे अभ्यासकांचे लक्ष सतत राहिले. त्या मानाने त्याच नद्यांतील माशांचा, ते धरणाऱ्या घरांचा आणि मासे धरण्यासाठी चारचौघांनी मिळून पाण्यावर जाण्याच्या रीतीचा इतिहास मागे पडला. सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह एखाद्या धरणावर जाऊन गळ टाकण्याचा बेत आज जे कुटुंब आखते, त्याला पाणी कोठे मिळेल, कोणत्या दिवसांत जावे आणि त्या पाण्यातील मासा कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. हे तिन्ही प्रश्न गंगाथडीत फार जुने आहेत. मात्र त्यांची उत्तरे गेल्या सुमारे साठ वर्षांत मुळापासून पालटली, आणि ती कशी पालटली हे पाहणे म्हणजेच येथील मासेमारीचा इतिहास पाहणे होय.

तळ्यांविना प्रदेश

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांवर हिमयुगातील बर्फाचे थर वितळून मागे हटले, तेव्हा खोलगट जागांत पाणी साचून असंख्य लहानमोठी तळी निर्माण झाली, आणि तेथील कुटुंबांच्या मासेमारीच्या सहली या निसर्गदत्त तळ्यांवरच वाढल्या. दख्खनच्या पठारावर अशी हिमनद्यांची घडण कधी झाली नाही. लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या या पठारावरील नद्यांनी उतारानुसार आपली पात्रे खोदली, पावसाळ्यात त्या दुथडी वाहिल्या आणि उन्हाळ्यात आटल्या. त्यामुळे मराठवाड्यात नैसर्गिक गोड्या पाण्याचे मोठे सरोवर जवळजवळ नाहीच. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात साठलेले असले, तरी त्याचे पाणी इतके खारट आणि क्षारयुक्त आहे की त्यात मासे तगत नाहीत. परिणामी या प्रदेशात मासे धरण्याची जागा म्हणजे परंपरेने नदीतील डोह, अर्थात पात्रातील तो खोल भाग, जेथे बाकीची नदी कोरडी पडल्यावरही पाणी टिकून राहते. फाल्गुनानंतर प्रवाह तुटला की नदीतील मासे अशा डोहांत गोळा होत, आणि म्हणून कोणता डोह कधी उघडा पडतो, कोणता बारमाही आहे आणि कोणता धोक्याचा आहे, हे ज्ञान मासे धरणाऱ्यांचे खरे भांडवल ठरे.

साचलेले पाणी निसर्गाने नव्हे, तर माणसाने अडवलेले असल्यामुळे या प्रदेशातील तळे सहसा बेवारस नसते. ते राजाने, देवस्थानाने, गावाने किंवा पुढे सरकारने बांधलेले असते, आणि बांधणाऱ्याचा त्याच्या पाण्यावर, पर्यायाने त्यातील माशांवर, काही ना काही दावा असतो. गवताळ मैदानांवरील तळ्यांच्या काठी हौस म्हणून वाढलेली मासेमारी आणि गंगाथडीतील मासेमारी यांच्यातील पहिला भेद येथेच पडतो.

राजाचा विनोद

मासे धरणे हा केवळ पोटाचा नव्हे, तर करमणुकीचाही विषय असू शकतो, ही कल्पना दख्खनमध्ये इंग्रजांबरोबर आली, असा समज असल्यास तो चुकीचा ठरेल. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इ. स. ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे मिळवावे आणि कसे टिकवावे येथपासून भोजन, संगीत, शिकार आणि खेळ येथपर्यंतचे विषय त्यात आले असून, ‘विनोद’ म्हणजे राजाच्या मनोरंजनाचे प्रकार या भागात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे प्रकरण आहे. समुद्रातील आणि नदीतील, खवले असलेले आणि नसलेले, लहान आणि मोठे अशी माशांची विभागणी करून कोणत्या माशाला कोणते खाद्य द्यावे, गळ, दोरी आणि काठी कशी असावी, याचे विवेचन त्यात केलेले आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर निबंध लिहून आधुनिक शास्त्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व दाखवून दिले.

या प्रकरणातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. गळ टाकण्यापूर्वी त्या जागी माशांना खाद्य टाकून त्यांना तेथे यायची सवय लावावी, असा क्रम त्यात येतो. म्हणजेच राजा पाण्यावर पोहोचण्याच्या आधीच कोणीतरी त्या पाण्याकडे लक्ष ठेवीत असे आणि माशांचे स्वभाव जाणत असे. ग्रंथ राजाच्या नावावर असला, तरी त्यातील ज्ञान नदीकाठी राहणाऱ्या कोळी-भोयांच्या अनुभवावाचून साठणे शक्य नव्हते. करमणूक करणारा एक आणि पाण्याची खबर ठेवणारा दुसरा, ही वाटणी बाराव्या शतकात अशी स्पष्ट दिसते, आणि निराळ्या रूपांत ती पुढेही टिकून राहिली.

भोयांचे वर्ष

गंगाथडीत पाण्याची खबर ठेवण्याचे काम प्रामुख्याने भोई समाजाकडे होते. पालखी आणि मेणे वाहणे, पावसाळ्यात लोकांना नदीपार करणे आणि मासे धरणे ही या समाजाची परंपरागत कामे होत. महाराष्ट्र शासनाच्या सूचीत त्याची गणना भटक्या जमातींमध्ये होते. रस्ते, पूल आणि मोटारी आल्यावर पालखीचे आणि नावेचे काम संपले, तेव्हा मासेमारी हाच अनेक घरांचा मुख्य आधार उरला.

भोई कुटुंबाचे वर्ष नदीच्या पाण्यावर बेतलेले असे. पुराच्या दिवसांत नाव चालवणे हे मोठे काम असे आणि मासे गढूळ पाण्याच्या काठाकाठाने धरले जात. पाऊस ओसरून पाणी निवळले की हाताने फेकायचे गोल जाळे, ज्याला फेकजाळे म्हणतात, आणि दोन्ही बाजूंनी ओढून पात्र अडवणारे लांब जाळे यांचा काळ येई. उन्हाळ्याकडे पात्र उघडे पडू लागले की वाळूत खड्डे करून, त्यांत खत घालून टरबूज, खरबूज आणि काकडी यांच्या वाड्या लावल्या जात, आणि राखणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पात्रात झोपड्या घालून राहत. जाळे विणणे आणि सांधणे यांत घरातील लहानथोरांचे हात लागत, मासे टोपलीत घालून आठवडी बाजारात किंवा दारोदार विकण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत, आणि मोबदल्यात पैशाप्रमाणे धान्यही घेतले जाई. संपूर्ण कुटुंबाने नदीवर मुक्कामाला जाण्याची गंगाथडीतील सर्वांत जुनी पद्धत शोधायची, तर ती या वाळवंटातील मुक्कामात सापडते. मात्र ती सहल नव्हती, तो हंगाम होता.

माशांची नावेही याच व्यवहारात घडली. चिखलात आणि डबक्यात तग धरणारा, चवीसाठी नावाजलेला मरळ. सापासारखा लांबट वाम. मिशा असलेला शिंगाडा. उथळ पाण्यातील बारीक खवली आणि झिंगे, अशी ही यादी मोठी आहे. मुंबई सरकारच्या सेवेतील लष्करी अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची सांख्यिकीय पाहणी करताना भीमेच्या खोऱ्यातील माशांचा अभ्यास केला आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. खुद्री, मल्ल्या, बोगट, कोळस अशी स्थानिक नावे त्यांनी थेट शास्त्रीय नामांत घेतली, आणि दख्खनी महसीर हा मोठा मासा आजही जगभर ‘टॉर खुद्री’ या नावानेच ओळखला जातो. साइक्स यांचे काम भीमेच्या काठचे असले, तरी यांतील अनेक जाती गोदावरीच्या खोऱ्यातही आढळतात. त्यामुळे दख्खनच्या मत्स्यशास्त्राचा पाया मराठी बोलणाऱ्या मासेमारांच्या वर्गीकरणावर उभा आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

मृग, आखाड आणि श्रावण

शेतकरी कुटुंबांचा मासेमारीशी संबंध भोयांपेक्षा वेगळा होता. त्यांच्यासाठी ती वर्षातल्या ठरावीक दिवसांची गोष्ट होती, आणि ते दिवस पंचांग ठरवीत असे. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तो दिवस ७ किंवा ८ जूनच्या सुमारास येतो. पेरणीचे वेध लागण्याचा आणि पहिल्या पावसाचा हा काळ. पहिला लोंढा ओढ्यांतून नदीत उतरू लागला की अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. महाराष्ट्रात त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. अशा वेळी ओढ्याच्या तोंडाशी साध्या टोपलीने, धोतराच्या पदराने किंवा हातानेही मासे मिळत असल्यामुळे, ज्यांच्याकडे जाळे नाही अशांनाही मासेमारी साधे.

मृगाचा आणि माशांचा संबंध पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात विशेष दृढ होता. तेलंगणात मृगाच्या आरंभी मासे खाण्याची रीत आजही पाळली जाते, आणि याच मुहूर्तावर हैदराबाद शहरात बथिनी घराण्याकडून दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळाच्या पिल्लाच्या तोंडात औषधी गोळा भरून ते पिल्लू गिळण्यास दिले जाते. या उपचाराचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. तरीही दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबे त्यासाठी प्रवास करीत आली आहेत. हैदराबाद संस्थानातून जाणारा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला आणि पुढे पूर्णा हे हिंगोलीकडे जाणाऱ्या फाट्याचे जंक्शन बनले. चुडाव्यासारखी लहान स्थानके या मार्गाने संस्थानाच्या राजधानीशी थेट जोडली गेली, आणि राजधानीच्या चालीरीतींनाही गंगाथडीत यायला वाट मिळाली.

आषाढ महिना, म्हणजे बोलीतला आखाड, हा सामिष जेवणाचा महिना, आणि त्यानंतरचा श्रावण हा वर्ज्य महिना. त्यातच नरसी येथील नामदेव आणि गंगाखेड येथील जनाबाई यांच्यामुळे या परिसरात वारकरी परंपरा खोलवर रुजलेली असल्याने, एकाच घरात माळकरी वडील आणि मासे खाणारी मुले अशी स्थिती दुर्मीळ नसे. एकादशी, सोमवार, गुरुवार आणि शनिवार वगळून उरलेल्या दिवसांत बेत करावा लागे, आणि मासे बहुधा घराबाहेर, शेतात किंवा नदीकाठी वेगळ्या चुलीवर शिजवले जात. मराठवाड्यातील कुटुंबांना एकत्र शिदोरी घेऊन बाहेर जाण्याची सवय वेळा अमावस्येसारख्या शाकाहारी सणांनी लावली होतीच. आखाडातील नदीकाठचे जेवण हे तिचेच दुसरे, घरच्या मोठ्यांच्या नजरेआड चालणारे रूप होते.

या धार्मिक दिनक्रमामुळे माशांच्या विणीच्या काळाला आपोआप संरक्षण मिळे, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. तो अर्धाच खरा आहे. रोहू-कटला गटातील आणि तत्सम नदीतील मासे मुख्यतः जून ते ऑगस्ट या काळात अंडी घालतात. श्रावण या काळाच्या शेवटच्या भागाला कवेत घेतो. पण मृगातील आणि आखाडातील मासेमारी नेमकी अंड्यांनी भरलेल्या चढणीच्या माशांवरच होते. संरक्षण करणारी गोष्ट श्रावणातील उपवास नव्हती. मासे धरणाऱ्यांची मर्यादित संख्या आणि हाती असलेली साधी साधने यांनी ते काम केले. देवस्थानाच्या डोहांचा प्रकार मात्र वेगळा होता. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहातील महसीर देवीचे मानून वर्षभर अभय दिले जाते, आणि देहू येथे इंद्रायणीतील माशांना असेच अभय लाभले. वर्षभराची बंदी आणि ठरावीक जागा या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे तेथे मोठे मासे टिकले.

सर्वत्र असा संयम नव्हता. आटत्या डोहात हिंगणबेटाची किंवा गेळ्याची फळे ठेचून टाकल्यास मासे गुंगून वर येतात, हे ज्ञान महाराष्ट्रात पसरलेले होते, आणि त्याच्या जोडीला सुरुंगाची दारू आली तेव्हा डोहच्या डोह निर्जीव होऊ लागले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने विष आणि स्फोटके वापरून मासे मारण्यास बंदी घातली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे हा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला, तेव्हा नद्यांचे कायदेही एका चौकटीत येऊ लागले.

धरणांचे युग

गंगाथडीत ‘तळ्यावर जाणे’ ही गोष्ट खऱ्या अर्थाने शक्य झाली ती १९६० नंतरच्या धरणांमुळे. पूर्णा प्रकल्पात येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे पूर्णा नदीवर एकाखाली एक बांधली गेली आणि १९६८ च्या सुमारास पूर्ण झाली. येलदरीचा एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर असून पायथ्याशी २२.५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा प्रकल्प परभणी जिल्ह्याचाच मानला जाई. गोदावरीवर पैठण येथे जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले; त्याच्या नाथसागर जलाशयातून निघणारा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत पोहोचला. पुढे नांदेडजवळ विष्णुपुरी प्रकल्प आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले. ज्या नदीत उन्हाळ्यात डोह शोधावे लागत, त्या नदीत बंधाऱ्यांमागे मैलोगणती पाणी तुंबून राहू लागले.

पाणी बदलले तसे मासेही बदलले. रोहू, कटला आणि मृगल हे मूळचे उत्तरेतील गंगेच्या खोऱ्यातील मासे स्थिर पाण्यात वेगाने वाढतात, परंतु तेथे सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून त्यांची पिल्ले बाहेरून आणून सोडावी लागतात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, आणि नदीतून बीज गोळा करण्याची गरज उरली नाही. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. नुकत्याच निघालेल्या पिल्लांना ‘मत्स्यजिरे’ आणि बोटाएवढ्या वाढलेल्या पिल्लांना ‘बोटुकली’ म्हणतात. दर पावसाळ्यात जलाशयात बोटुकली सोडणे हे मत्स्यव्यवसायाचे पहिले काम ठरले. याच काळात बाहेरच्या जातीही शिरल्या. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया, जिला मराठीत चिलापी म्हणतात, ती न सोडताच सर्वत्र पसरली, आणि बंदी असूनही आफ्रिकन मागूर अनेक ठिकाणी पाळला गेला.

नदीच्या जुन्या माशांना या युगाची किंमत द्यावी लागली. अहीर हा गोड्या पाण्यातील ईल मासा वाढतो नदीत, पण अंडी घालतो समुद्रात. म्हणजे त्याच्या आयुष्यक्रमासाठी नदी उगमापासून मुखापर्यंत मोकळी हवी. गोदावरीच्या मुखाजवळ आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये दवळेश्वरमचा बंधारा पूर्ण केला तेव्हाच या वाटेत पहिला अडसर उभा राहिला, तेलंगणातील पोचमपाड धरणाने दुसरा मोठा अडसर घातला आणि वरच्या बंधाऱ्यांनी वाट जवळपास बंद केली. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. हा निर्णय दोन राज्यांतील पाणीवाटपासाठी झाला, माशांसाठी नव्हे; तरीही चढणीच्या हंगामात नदीचा निदान तेवढा तुकडा मोकळा राहतो, हा त्याचा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

मासा कोणाचा

धरणांमुळे हक्काचा प्रश्नही नव्याने उभा राहिला. नदीच्या डोहावरील हक्क रूढीचा होता; कोणत्या भोई वस्तीने कोठे जाळे टाकावे हे गावागावांत ठरलेले असे. जलाशय शासनाचा, त्यामुळे त्यातील मासेमारीचा ठेका शासन देऊ लागले, आणि धोरण म्हणून तो मासेमारांच्या सहकारी संस्थांना ठरावीक मुदतीसाठी देण्याची पद्धत रुजली. संस्थेने बीज सोडावे, सभासदांनी मासे धरावेत आणि विक्री संस्थेमार्फत व्हावी, ही कल्पना मुळात न्याय्य होती, कारण पात्र गमावलेल्या समाजाला त्यातून जलाशय मिळत होता. ठेक्याची रक्कम, बीज पुरेसे न पडणे आणि संस्थेच्या नावाआड व्यापाऱ्याने शिरकाव करणे, हे या पद्धतीचे नेहमीचे वादविषय राहिले.

सुटीत गळ घेऊन आलेल्या कुटुंबाची जागा या व्यवस्थेत कोठे आहे? कॅनडातील सस्कॅचेवान किंवा मॅनिटोबा प्रांतात स्थायिक झालेले मराठी कुटुंब तळ्यावर जाण्यापूर्वी प्रांताकडून व्यक्तीच्या नावाचा परवाना घेते, आणि कोणत्या जातीचे किती मासे ठेवावेत याची मर्यादा त्याला आधी कळते. तेथे हक्क व्यक्तीचा असतो आणि तो हंगामापुरता विकत घेता येतो. महाराष्ट्रातील जलाशयात हक्क समूहाचा, म्हणजे ठेकेदार संस्थेचा असतो, आणि बाहेरच्या माणसाने गळ टाकायचा तर संस्थेची संमती घेणे हाच रीतसर मार्ग ठरतो. व्यक्तिगत परवान्यावर चालणारी हौशी मासेमारी महाराष्ट्रात मुख्यतः मुंबईच्या परिसरात वाढली. हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि महसीरच्या गळमासेमारीला इंग्रज अधिकाऱ्यांत प्रतिष्ठा मिळाली. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९० च्या सुमारास बांधलेल्या पवई तलावावर पुढे हौशी मासेमारांची संघटना उभी राहिली, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा समूहाच्या वीज कंपनीने महसीरची पैदास केंद्रे चालवली. मराठवाड्यात हा प्रवाह पोहोचला नाही, कारण तेथील पाण्यावर हौशी मंडळींआधी पोटार्थी मंडळींचा हक्क उभा होता.

म्हणूनच मराठवाड्यातील धरणावरची सहल मासे धरण्याची कमी आणि मासे खाण्याची अधिक झाली. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या काठी, पुणे–सोलापूर महामार्गावरील भिगवण येथे मासळीच्या खानावळींची जी प्रसिद्धी झाली, तिचेच लहान अवतार मराठवाड्यातील अनेक धरणांच्या परिसरात दिसतात. जाळे ओढण्याचे काम सभासद मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून करतो, आणि कुटुंब काठावर बसून ताजा मासा विकत घेते. ‘मत्स्यविनोदा’तील जुनी वाटणी लोकशाही काळात अशी बाजाराच्या रूपाने पुन्हा मांडली गेली आहे. यांत्रिक होडीचे आणि सुरक्षेच्या जाकिटांचे भाडेही न परवडणाऱ्या या मासेमारांना खोल पाण्यात जो धोका पत्करावा लागतो, तो या ताज्या माशाच्या किमतीत क्वचितच धरला जातो.

तळे शेतात

१९७२ च्या दुष्काळाने आणखी एक वळण दिले. दुष्काळी कामांतून आणि नंतर १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखाली गावोगाव पाझर तलाव झाले. जमिनीत पाणी मुरवून विहिरींची पातळी वाढवणे हा त्यांचा हेतू असला, तरी सहा-आठ महिने टिकणाऱ्या त्यांच्या पाण्यात लवकर वाढणारे मासे घेता येतात, हे ग्रामपंचायतींच्या लवकरच ध्यानात आले. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेमुळे प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी शेतांतच दिसू लागली, आणि ज्या शेतकऱ्याचा आजोबा मृगात ओढ्यावर टोपली लावून बसे, त्याच्याच शेतात आता रोहू-कटल्याची बोटुकली सोडली जाऊ लागली. या नव्या पाण्यात हक्काचा वाद नाही आणि अंतराचाही प्रश्न नाही. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे शास्त्रीय सल्लाही मराठवाड्यातच मिळतो.

तथापि शेततळे नदीची जागा घेऊ शकत नाही. लागोपाठ दुष्काळ पडले की मोठी धरणेही मृतसाठ्यावर येतात. मृतसाठा म्हणजे दरवाज्यांच्या पातळीखाली उरणारे, सोडता न येणारे पाणी. सिंचनाच्या हिशेबात हे पाणी निरुपयोगी धरले जाते, पण मोठ्या वाढलेल्या माशांचा तोच अखेरचा आसरा असतो, आणि जुन्या नदीतील बारमाही डोहाचे काम आता हा मृतसाठाच करतो. त्यातील पाणी पंपांनी उपसले गेले तर पुढच्या वर्षी बोटुकली सोडूनही जलाशय पूर्वपदावर यायला कित्येक हंगाम लागतात.

गंगाथडीतील मासेमारीच्या या वाटचालीतून एक निष्कर्ष निघतो. ज्या काळात पाण्याची खबर ठेवणारा आणि मासा धरणारा एकच होता, त्या काळात डोह टिकले. ज्या जागी धरणाऱ्याला पाण्याशी कायमचे नाते नव्हते, त्या जागी विष आणि सुरुंग आले. धरणाच्या काठी सुटी घालवणाऱ्या कुटुंबाने संस्थेची संमती घेऊन गळ टाकणे, विणीच्या दिवसांत तो गुंडाळून ठेवणे आणि माशाची रास्त किंमत मासेमाराच्या हाती देणे, या गोष्टी शिष्टाचाराच्या वाटल्या तरी इतिहासाच्या दृष्टीने त्या जुन्या नात्याची पुनर्रचना आहेत. जोपर्यंत जलाशयाचा ठेका आणि जलाशयाची देखभाल या दोन गोष्टी एकाच समूहाकडे राहतील, तोपर्यंत चुडाव्यासारख्या गावांना मासेमारीचा हंगामही राहील आणि सहलही. ठेका एका हाती आणि जबाबदारी दुसऱ्या हाती गेली, तर दोन्हींचा शेवट एकदमच होईल.